बठ्ठी गाठ

कोणताही कागद हातात आला की डॉक्टर आधी डावा अंगठा नावावर ठेवत. लग्नाची पत्रिका असो, पेपरातला लेख असो की कॉलनीतली सूचना. जिथे लिहिणाऱ्याचं नाव असेल तिथे अंगठा, चष्मा कपाळावर आणि कागद नाकाजवळ. "नाव नंतर, अक्का. आधी हात पाहू." हात म्हणजे लिहिणाऱ्याचा हात. मायक्रोस्कोपखाली काचेची स्लाइड सरकवतानाही तेच. तिच्या टोकाला रुग्णाच्या नावाची चिठ्ठी असे, ती अंगठ्याखाली जाई. "गाठ कोणाची ते कळलं की डोळा लाडावतो," असं त्यांचं म्हणणं.

रेवा, ईशान, तुम्ही त्यांना एकदाच पाहिलं आहे. तुम्ही दोघं लहान होतात, मे महिन्यात जळगावला आला होतात आणि कूलरसमोरून हलायला तयार नव्हतात. संध्याकाळी एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ तुमच्यासाठी केळीचे वेफर घेऊन आले. ईशानने आजोबांच्या वाढदिवसाला पाठवलेलं मराठी पत्र मी मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातात दिलं. अंगठा पडला, पत्र वाचून झालं.

"हे पोराचं नाही," ते म्हणाले. "पोराच्या आईचं शे."

"कशावरून?"

"'अत्यंत आनंद झाला' असं एवढंसं पोरगं लिहीत नाही. पोरगं 'खूप' लिहितं, आणि एकदा लिहिलं की चार वेळा लिहितं."

तुमची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. त्या दिवशी डॉक्टरांच्या चहात साखर पडली नाही. त्यांनी तो तसाच प्यायला आणि जाताना मला हळूच म्हणाले, "हाही हात ओळखला."

मागच्या महिन्यात रेवाने फोनवर विचारलं, "आजी, ते अंगठेवाले डॉक्टर कसे आहेत?" ते गेल्याचं मी सांगितलं. त्यावर तुमचे बाबा मागून म्हणाले, "फार मोठा माणूस. शिकाऊ डॉक्टरणीची चूक स्वतःच्या अंगावर घेतली त्यांनी." ही गोष्ट आमच्याकडेही अशीच सांगतात, आणि ती खरी नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ते पॅथॉलॉजिस्ट होते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा पाहून रोगाचं नाव सांगणारे डॉक्टर. तुमचे आजोबा दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, आम्ही जळगावात घर बांधलं, तेव्हा दोन घरं सोडून त्यांचं घर होतं. गाव त्यांचं धुळ्याकडचं, घरची बोली अहिराणी. चारचौघांत ते शुद्ध मराठी बोलत. फार आनंद झाला किंवा भीती वाटली की 'आहे'चं 'शे' होई. त्यावरून मला त्यांचा ताप मोजता येई.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं हे कळल्यावर ते एक जाड बाड घेऊन आले. जिल्ह्यातल्या लिंफोमाच्या जुन्या स्लाइड्स ते नव्याने पाहत होते. लिंफोमा म्हणजे मानेत, काखेत ज्या लहान गाठी सर्वांनाच असतात, त्यांतल्या पेशींचा कॅन्सर. त्याचे खूप प्रकार आहेत, आणि प्रकार कोणता यावर औषध ठरतं. दर काही वर्षांनी जगातले तज्ज्ञ या प्रकारांची वाटणी बदलतात. "रोगी तोच, गाठ तीच, आपणच तिला नवीन घरात बसवतो," ते म्हणत. जुन्या गाठी नव्या वाटणीत कुठे बसतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

मला यातलं काही कळत नाही असं म्हटल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"असोद्याला गेला आहात ना? गल्ल्या आहेत, चौक आहे, मारुतीचं मंदिर आहे, वेशीवर शेतं. गाठही तशीच असते. मी आधी माणसं पाहत नाही, गाव जागेवर आहे का ते पाहतो. गल्ल्या दिसल्या, चौक दिसला, की गर्दी कितीही असो, जत्रा असेल, घाबरायचं कारण नाही. पण गल्ल्याच बुजल्या, चौकात, वेशीवर, मंदिरात एकाच कुळाची माणसं, तर मग ते गाव गेलं."

"आणि अर्धं गाव जागेवर असलं तर?" मी सहज विचारलं.

"म्हणून तर बठ्ठं गाव पाहायचं, अक्का."

बठ्ठं म्हणजे सगळं. हा शब्द लक्षात ठेवा.

त्यांच्या इंग्रजीत दोन खोडी होत्या. साधं 'शोज' लिहायचं तिथे ते 'इज शोइंग' लिहीत. आणि अख्खी गाठ म्हणायचं तर 'द एंटायर नोड' असं लिहायला हवं, तिथे ते लिहीत 'ऑल नोड'. मी लाल शाईने खोडायची आणि ते पुढच्या खर्ड्यात पुन्हा तेच लिहून आणायचे.

"डॉक्टर, ऑल म्हणजे सगळ्या. पुष्कळ गाठी असतील तर ऑल. गाठ एकच असेल तर एंटायर."

"आमच्यात दोन्हीला बठ्ठं. बठ्ठी माणसं, बठ्ठं गाव, बठ्ठी गाठ."

"तुमच्यात असेल. इंग्रजांत नाही."

"मग इंग्रजांना गाठ बठ्ठी दिसत नसेल."

तुमचे आजोबा, म्हणजे सगळ्यांचे नाना, पेपरामागून म्हणाले, "तिने चाळीस वर्षं माझं इंग्रजी दुरुस्त केलं, डॉक्टर. मी आता मराठीतच गप्प बसतो."

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक खर्डा मी तारीख टाकून फायलीत लावत गेले. उपयोग काय, असं नाना विचारत. उपयोग असा काही नव्हता, कागद इकडेतिकडे पडलेला मला चालत नाही एवढंच.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे कोणी काय लिहिलं ते शोधणं. सुरुवात कानबाईच्या गाण्यांपासून झाली. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, बायका जमून गाणी म्हणतात. डॉक्टरांच्या आईने पुष्कळ गाणी रचली होती. लिहिता येत नसल्याने ती तोंडोतोंडीच राहिली. पुढे एका गृहस्थाने अशा गाण्यांचं पुस्तक काढलं आणि वर स्वतःचं नाव घातलं. दुसरा कोणी असता तर भांडायला गेला असता. डॉक्टर पुस्तक घेऊन वर्षभर शब्द मोजत बसले.

"मोठे शब्द कोणीही उसने घेतं, अक्का. चंद्र, कमळ, सोनं. बारके शब्द ज्याचे त्याचे. 'ना', 'तर', 'मंग', 'वं माय'. ते लिहिताना माणूस सावध नसतो."

त्यांनी तक्ते केले, आईची गाणी कोणती आणि त्या गृहस्थाची कोणती ते वेगळं केलं आणि एका लहानशा मासिकात लेख छापला. ते गृहस्थ लाल होऊन घरी आले. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, कळण्याची भाकरी आणि भरीत खायला घातलं आणि म्हणाले, "तुमची स्वतःची जी आहेत ती बरी आहेत. ती तेवढी तुमच्या नावावर ठेवा." माणूस आला होता भांडायला, गेला तो स्वतःचं एक गाणं म्हणून दाखवून.

आमच्या कॉलनीत फलकावर एकदा बिननावाची सूचना लागली. पाण्याच्या मोटारीवरून कोणाला तरी खरमरीत चार शब्द सुनावले होते. डॉक्टरांनी नाव नव्हतं तिथेही अंगठा ठेवला, वाचलं आणि फाटकातूनच हाक मारली, "नाना, 'तरी'शिवाय तुमचं वाक्य संपत नाही का?" आठवडाभर नाना नाकबूल करत होते. "मी लिहिलेलं नाही, तरी लिहिणाऱ्याचं चुकलं असं मला वाटत नाही," हे त्यांचं शेवटचं निवेदन. त्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मला ही दोन वेडं वेगवेगळी वाटत. डॉक्टरांना वाटत नसत. कोणतं गाणं कोणाचं आणि कोणती गाठ कोणत्या पेशीची, प्रश्न एकच. नाव झाका, बारक्या खुणा पाहा.

दर मंगळवारी ते धुळ्याला जात. तिथल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांची विद्यार्थिनी मानसी काम करत होती, आणि अवघड स्लाइड्स ती त्यांच्यासाठी बाजूला ठेवी. माझी थोरली बहीण धुळ्यात एकटी राहते, म्हणून मीही त्यांच्या जुन्या गाडीतून जाई. पारोळ्याला चहा, मग धुळे. मानसी भुसावळची, इंग्रजी शाळेत शिकलेली, चटपटीत. तिचे रिपोर्ट मी कधीमधी चाळत असे. नेटकं इंग्रजी, लाल शाईला वाव नाही.

आता मूळ गोष्ट.

धुळे तालुक्यातल्या एका गावची कॉलेजात शिकणारी मुलगी होती. मानेला गाठ आली, ती काढून मानसीच्या प्रयोगशाळेत तपासायला आली. रिपोर्ट गेला की गाठ साधी आहे, सुजेची. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. बापाने गावात पेढे वाटले. पुढे काही महिन्यांनी मुलीला ताप येऊ लागला, वजन उतरलं, काखेत दुसरी गाठ आली. नाशिकला नेली. तिथे निदान झालं हॉजकिन लिंफोमा. औषधाला दाद देणारा प्रकार, पण वेळेवर दिलं तर बरं. नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्या गाठीची स्लाइड मागवली.

मानसीने स्लाइड काढून पाहिली. स्वच्छ होती. मग तिने मांडणीवरच्या जुन्या बरण्या धुंडाळल्या. मुलीच्या नंबरच्या बरणीत औषधी पाण्यात गाठीचा उरलेला अर्धा भाग तसाच होता. अर्धी गाठ कापून पाहिली गेली होती, अर्धी कोणी पाहिलीच नव्हती. मानसीने तो भाग कापला. रोग त्या अर्ध्यात होता.

रिपोर्टखाली नाव मानसीचं होतं. ही चूक आपलीच, असं तिनेही धरून चाललं होतं. दिवसाला ती किती रिपोर्ट काढायची, एकेक कुठून आठवणार. व्यवस्थापनाने तिला सांगितलं की नोकरी सोडावी लागेल आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार एकट्या तिच्या नावाने जाईल. घरात तिची लहान मुलगी, नवऱ्याचं दुकान नुकतंच बंद झालेलं. तिने डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते आमच्या ओट्यावर बसले होते. तिचं रडणं मला समोरच्या खुर्चीत ऐकू येत होतं.

"रडू नको. रिपोर्ट पाठव," ते म्हणाले.

रिपोर्टचा फोटो त्यांच्या फोनवर आला. सवयीने त्यांनी खालच्या नावावर अंगठा ठेवला आणि फोटो वर सरकला. पुन्हा ठेवला, तो मोठा झाला. नाना म्हणाले, "द्या इकडे, छापून आणतो." नानांनी आतून कागद छापून आणला. डॉक्टरांनी त्यावर अंगठा ठेवला, चष्मा वर सरकवला, वाचायला लागले.

मग त्यांनी चष्मा खाली ओढला. वाचताना त्यांनी असं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही वाचा."

अंगठा न काढता त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. इंग्रजीत दोनच ओळी होत्या. "ऑल नोड इज शोइंग..." मी पुढे वाचलं नाही.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"हात कोणाचा?" डॉक्टरांनी मला विचारलं.

त्यांचा अंगठा नखापाशी पांढरा पडला होता. त्याखाली एका तरुण बाईचं नाव होतं. मी गप्प राहिले असते तरी त्यांना कळलेलंच होतं. पण विचारलं होतं मला.

"तुमचा," मी म्हणाले.

"शे," ते म्हणाले. "हात मना शे."

हळूहळू जुळत गेलं. रिपोर्टवरची तारीख मंगळवारची होती. मानसीच्या मुलीला ताप आला म्हणून ती दुपारीच घरी गेली होती. तिच्या खुर्चीत बसून डॉक्टरांनी उरलेल्या स्लाइड्स संपवल्या. संगणक तिच्या नावाने उघडा होता, त्यामुळे खाली नाव तिचं छापलं गेलं.

"मला ती स्लाइड आठवत नाही," ते म्हणाले. "ती गाठही आठवत नाही. आठवतं म्हणालो तर खोटं होईल. पण 'ऑल' मीच लिहितो." त्यांनी कागदाची घडी घातली. "आणि बठ्ठी मी पाहिलीच नव्हती."

दुसऱ्या दिवशी मंगळवार नसताना आम्ही धुळ्याला गेलो. पारोळ्याला चहा घेतला नाही. मी बहिणीकडे उतरणार होते, पण ते म्हणाले, "वर चला, अक्का." मी गेले.

प्रयोगशाळेत मुलीचा बाप बाकावर बसला होता. पन्नाशीचा शेतकरी, पांढरी टोपी, गुडघ्यावर औषधांच्या दुकानाची पिशवी. नाशिकला न्यायच्या स्लाइड्स घ्यायला आला होता. मानसी टेबलापाशी उभी होती. डॉक्टर समोर आल्यावर तो उठला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

"डाक्टरसाहेब, एकच इचारस," तो म्हणाला. "मनी पोरनी गाठ बठ्ठी दखी व्हती ना?"

माझ्या पोरीची गाठ सगळी पाहिली होती ना. त्याला इंग्रजी येत नव्हतं. रिपोर्टात काय शब्द आहे हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"नही, भाऊ," डॉक्टर म्हणाले. "बठ्ठी नही दखी. अर्धी दखी."

"सर, रिपोर्ट माझा आहे," मानसी मधेच म्हणाली. "नाव माझं आहे."

"नाव झाक," डॉक्टर म्हणाले. आणि ती हलेना म्हणून स्वतः टेबलावरच्या रिपोर्टवर अंगठा ठेवून तो त्या माणसापुढे धरला. "भाऊ, हाई नाव दखू नका. हाई मी लिखेल शे."

त्या माणसाने अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग मी गावमा पेढा वाटात, ते?"

त्याने स्लाइड्सची पेटी पिशवीत नीट ठेवली, वरून रुमाल घातला आणि तो जिना उतरून गेला.

तुम्हाला वाटेल गोष्ट इथे संपली. इथून तर डॉक्टरांचा छळ सुरू झाला. त्यांनी व्यवस्थापनाला लेखी कळवलं की तो रिपोर्ट आपण लिहिला आहे. कोणी मानलं नाही. "सर, तुमचं मन मोठं आहे," असं म्हणून व्यवस्थापकाने त्यांच्या पायाला हात लावला. डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप गटावर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. गुरू असावा तर असा. कॉलनीतल्या बायका मला सांगू लागल्या की बघा, परक्या पोरीसाठी कोण एवढं करतं. मानसीची नोकरी जायची ती जातच होती, वर तिच्यावर उपकार झाल्याची बोलवा झाली.

डॉक्टरांनी ओट्यावर येणं बंद केलं. मीच एकदा गेले. ते अंधारलेल्या खोलीत मायक्रोस्कोपवर कापड टाकून बसले होते.

"आईच्या गाण्यांवर त्या गृहस्थाचं नाव होतं, तेव्हा मला राग आला होता," ते म्हणाले. "आता माझ्या चुकीवर पोरीचं नाव आहे. आणि मला लोक हार घालताहेत."

"होईल हळूहळू शांत."

"शांत नाही व्हायला पाहिजे, अक्का. तुमची ती लाल शाईची फाईल आहे ना?"

मला समजलं, आणि ऐकू आलं नाही असं करावंसं वाटलं.

नाना जेवताना म्हणाले, "तू त्यांची मैत्रीण आहेस की फिर्यादी?" मी म्हटलं, "त्यांनीच मागितली आहे." नाना म्हणाले, "माणूस स्वतःचा फास मागेल, तरी आपण द्यायचा का?" त्या 'तरी'वर आम्ही दोघंही हसलो नाही.

फाईल काढली. इतक्या वर्षांचे खर्डे, प्रत्येकात लाल शाईने खोडलेलं 'ऑल', पुढच्यात पुन्हा आलेलं 'ऑल'. व्यवस्थापनाचा आक्षेप मला आधीच कळला होता. मानसी त्यांची विद्यार्थिनी, ती त्यांच्यासारखंच लिहिणार. म्हणून मी तिचे जुने रिपोर्टही मागवले आणि डॉक्टरांनी कानबाईच्या गाण्यांचं केलं होतं तसं केलं. मोठे शब्द दोघांचे एकच होते, रोगांची नावं, पेशींची वर्णनं. ती तिने त्यांच्याकडूनच घेतली होती. बारके शब्द निराळे. ती दर दोन वाक्यांनी 'हाउएव्हर' लिहायची, ते कधीच नाही. ती 'द' विसरत नसे, त्यांना तो आठवत नसे. ती नेहमी 'एंटायर' लिहायची. मी हे सगळं दोन पानांत मांडलं आणि खाली सही केली.

कागद देताना डॉक्टरांनी ते वाचले. माझ्या नावावर अंगठा ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाले, "तुमचा हात स्वच्छ शे, अक्का. एवढ्या वर्षांत लाल शाईचा पहिल्यांदा उपयोग झाला."

मग दप्तरातल्या नोंदी तपासल्या गेल्या, मानसीची त्या दुपारची रजा सापडली, आणि डॉक्टरांचं म्हणणं मान्य करावं लागलं. मानसीची नोकरी राहिली. तक्रार डॉक्टरांच्या नावाने गेली. त्यांनी त्या दिवसापासून एकाही रिपोर्टवर सही केली नाही. परिषदेचा निकाल यायच्या आत, गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच.

मुलीचे उपचार पूर्ण झाले. मानसी नाशिकला विचारत असते. "सध्या स्वच्छ आहे, मावशी," असं तिने मागे मला सांगितलं. 'सध्या' हा बारका शब्द मी ऐकला. मुलीचं कॉलेजचं वर्ष गेलं आणि केस पुन्हा वाढू लागले आहेत, एवढं मला माहीत आहे. तिचा बाप परत कधी आला नाही.

डॉक्टर गेल्यावर चौकात त्यांचा फोटो घालून मोठा फलक लागला. निष्णात, निःस्वार्थी, शिष्यांची चूक पोटात घालणारे गुरुवर्य. चौकशीत काय निघालं ते कागदावर राहिलं, लोकांनी त्यांना आवडलेली गोष्टच ठेवली. भाजी घेऊन येताना मी फलकासमोर थांबले. एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि त्यांचं नाव झाकून बाकीचं वाचलं. ते कोणाचंही असू शकलं असतं.

म्हणून मी या लिखाणात त्यांचं नाव कुठेच घातलेलं नाही. तुम्हाला ते ओळखू आले तर माझं काम झालं.

शेवटच्या महिन्यांत त्यांनी संशोधनाचं बाड पुरं केलं. मुलीच्या घरच्यांची संमती मानसीने मिळवली आणि त्यात ती गाठही घातली, चुकीसकट. खर्डा नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला. मी लाल पेन घेऊन बसले. सगळीकडे त्यांनी स्वतःच 'एंटायर' केलेलं होतं, एक जागा सोडून. त्या मुलीच्या गाठीविषयी शेवटी एकच वाक्य होतं. "ऑल नोड वॉज नॉट सीन."

मी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं.

छापणाऱ्यांनी पुढे ते व्याकरणात बसवलं. माझ्या फायलीतल्या प्रतीत अजून 'ऑल' आहे.